सांध्यातला आवाज

"बाई, जरा तुमचे हात दाखवा," रेणुकाबाई फाटकाच्या पलीकडून म्हणाल्या, आणि मी मूर्खासारखे दाखवले. शाळेत निघाले होते. डबा भिंतीवर ठेवला आणि दोन्ही पंजे त्यांच्यापुढे उताणे केले. वाटलं, खडूनं कातडी फुटलीय ती दिसली असेल, एखादा घरगुती लेप सांगतील. त्यांनी माझ्या हाताला हात लावला नाही. बाजारात वांगं किडकं आहे का बघतात तसं वाकून बघितलं. "उलटे करा," म्हणाल्या. मी उलटे केले. मग मान हलवून म्हणाल्या, "हेच. याच बोटायनं माह्या नातवाले खाल्लं." एवढं बोलून त्या शेजारच्या आपल्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मी मावल्यातल्या आमच्या गल्लीत, भर सकाळच्या उन्हात हात पुढे करून उभी होते, आणि समोरचा भाजीवाला गाडी ढकलायची सोडून माझ्याकडे बघत होता.

काय झालं ते रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्यावर डोक्यात शिरलं. परवा संध्याकाळी त्यांची सून पूनम नातवाला कडेवर घेऊन फाटकाशी उभी होती. वर्षाच्या आतलं पोर. कागदावर काहीतरी नवं झकपक नाव आहे, पण आजोबांचं नाव चालवायचं म्हणून घरात सगळे महिपत म्हणतात. एवढ्याशा जिवाला एवढं भारदस्त नाव, याचं मला नेहमी हसू येतं. मी त्याचा गाल ओढला, "काय महिपतराव" म्हटलं, आणि मग दिवसभर फळ्यावर लिहून आंबलेले हात एकमेकांत अडकवून खाली दाबले. कड, कड, कड. नजर पोराच्या तोंडावर होती. दुसरीकडे कुठे असणार, समोर तेच होतं. आणि ओट्यावरून रेणुकाबाई बघत होत्या. आमच्याकडे बायका लेकराच्या तोंडावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडतात, ती दृष्ट निघते. हवेत, समोर बघून मोडली तर तो तळतळाट. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी याच भागात वाढले आहे. पण ज्या गोष्टीवर आपला काडीचा विश्वास नाही ती आपल्या हातून घडू शकते, हे कुणाच्या डोक्यात येतं? आणि त्याच रात्रीपासून पोराला हगवण लागली.

नववीच्या वर्गात त्या दिवशी मी काय शिकवलं ते मुलांनाच ठाऊक. सांधे शिकवायचे होते, म्हणजे थट्टाच होती. फळ्यावर मुठीचा सांधा काढला. दोन हाडांची टोकं, त्यांवर कूर्चेचा गुळगुळीत थर, दोन्हींना धरून ठेवणारे अस्थिबंध, आणि सगळ्यांभोवती एक बंद पिशवी. पिशवीत वंगण, आणि वंगणात विरघळलेला वायू. बोट ओढलं की पिशवीतली जागा वाढते, दाब एकदम उतरतो, विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडा होतो आणि आवाज येतो. बुडबुडा होताना येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे, पण शाप बाहेर पडताना येतो असं त्यांच्यातला कुणी म्हणत नाही. हे मी मोठ्यानं बोलले की मनात, देव जाणे. देव जाणे असं म्हणायची सवयही जात नाही, बघा. तोंडाला लागलेल्या गोष्टी धम्म घेतल्यानं जात नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती एवढ्याचसाठी नव्हती की एका म्हातारीनं काहीबाही म्हटलं. तीन घरं पलीकडच्या देशपांड्यांच्या मंजुषाताई सतत बोटं मोडतात, चार बायकांत बसून मोडतात. त्यांचे हात नाही बघितले कुणी. हे हात कुणाचे, कोणत्या वस्तीतले, यांच्या आईनं कुणाच्या शेतात कापूस वेचला, हे रेणुकाबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी हात लावला नाही.

माझ्या आईचे हात आठवले की अजून माझी बोटं आपोआप आखडतात. द्वारकाबाई रामाजी, भैंशाकडच्या एका गावात दुसऱ्यांच्या रानात वेचणी. बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कडेला घुसतात, दिवसभर घुसतात, आणि संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. ती चुलीपुढे बसून एकेक बोट ओढायची. तेवढ्यापुरतं मोकळं वाटायचं तिला. ती सवय मी तिच्याकडून घेतली, दुसरं काही घेण्यासारखं तिच्याजवळ नव्हतं. दहावीचा निकाल लागला तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलाकडे नेले, आणि बाबा ओट्यावरून ओरडले, "द्वारके! हे सोडलं ना आपुन?" बाबा खरेच सोडलेले माणूस होते. घरातला एकूण एक गंडा, देवाचा एकूण एक टाक त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत टाकला होता. त्यांचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. पण आईचे हात कानशिलाच्या अलीकडे हवेत थांबले होते, आणि तिला ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं. शेवटी तिनं पदराला पुसले. तो आवाज माझ्यावरून व्हायचा राहूनच गेला. बी.एस्सी. झाले, नोकरी लागली, लग्न झालं, तिनं पुन्हा कधी हात उचलले नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी बाबांवर अजून चिडलेली आहे, आणि कुणाला सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर मीच अंधश्रद्ध ठरते.

शाळा सुटून घरी आले तर पूनम माझ्याच फाटकाशी उभी. पोर खांद्यावर. मी दुरूनच बघितलं आणि माझा सगळा राग क्षणभर जागच्या जागी थिजला. पोराचे डोळे खोल गेले होते. ते रडत होतं, म्हणजे तोंड रडल्यासारखं होत होतं, पण डोळ्यात पाणी नव्हतं. ओठ वाळून पांढरे. मी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तिची घडी तशीच राहिली, सावकाश बसली.

"दवाखान्यात नेलं का?"

"नाई बाई."

"काऊन नाई?"

"सासूबाई म्हंते, जेनं मोडलं तेनं आदी काढाव. तवर औशिद लागू पडत नाई. उलटं अंगावर येते म्हंते." ती माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे बघून बोलत होती. "यायले फोन केला भैंशाले. थे कापसाच्या जिनिंगवर हायेत, सीजन हाय. थेबी म्हंतात, आई म्हंते तसं कर."

"पूनम, मी ऑटो बोलावते. आत्ता जाऊ. डॉक्टरशी मी बोलते. पोर वाळून चाललंय, त्याच्या अंगातलं पाणी संपून राह्यलं, समजते का तुले?"

ती एक पाऊल मागे सरली. पोराचं डोकं तिनं गळ्याशी दाबून धरलं. "तुमी घरी या बाई. काढून टाका. मंग मी येते म्हनान तिथं. पाया पडते तुमच्या." पोर तिच्या कडेवर होतं, माझ्या नव्हतं. हिसकावून घेतलं असतं तर सगळी गल्ली गोळा झाली असती, आणि उद्या मी पोरं पळवणारीही ठरले असते. ती बारावी शिकलेली मुलगी. मोबाईलवर पोराच्या लशींच्या तारखा लावून ठेवते. मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि मिठी मारावीशीही वाटली, आणि दोन्ही हातांनी मी फक्त फाटकाची कडी उघडली.

माझा नवरा संघपाल तहसीलमधून आला होता, बनियनवर पाटावर बसून पाय चोळत होता. त्याला सांगितलं. मला वाटलं तो उठेल, शर्ट घालेल, बाहेर जाईल आणि त्या म्हातारीला खणखणीत सुनावेल. दर रविवारी विहारात हा माणूस उभा राहून अर्धा तास अंधश्रद्धेवर बोलतो, बायका टाळ्या वाजवतात. तो म्हणाला, "जाऊन ये ना मग. मोड दहा बोटं अन् ये. आपलं काय जाते?"

"आपलं काय जाते?"

"पोट्टं वाचन. तुले तत्त्व पायजे का पोट्टं पायजे?"

"मले दोन्ही पायजे! अन् तुला विचारते, उद्या काय होईल? पोरगं बरं झालं तर मी काढलं म्हणून झालं. नाही झालं तर मी मारलं. दोन्हीकडून करणीवाली मीच ना? तहसीलात किती केशी येतात, तूच सांगतोस ना, कुणाचे दात पाडले, कुणाला झाडाला बांधलं?"

"म्हनूनच म्हंतो ना. नाई गेली तं काय करतील थे लोकं? आपल्याले इथंच राहाचं हाय."

तर ही भीती होती. त्याची बुद्धी नाही, त्याची करुणाही नाही. मी बोलत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक एकेक बोट ओढत होते. तर्जनी, मधलं, करंगळी. मग मुठीचे सांधे, मग मधले. अंगठेसुद्धा वळवून मोडले. बोटात स्नायू नसतो, बोट हलवणारे स्नायू कोपराखाली असतात आणि बोट फक्त दोरीनं ओढलं जातं. संघपाल माझ्या बोटांकडे बघत होता. आणि मला दिसलं, तो किंचित मागे सरकला. पाटावरच्या पाटावर, बोटभरच. मी त्याच्याकडे बघून मोडत होते ना. त्याला स्वतःलाही कळलं नसेल. मला कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा परका तो मला कधी वाटला नव्हता.

मी चप्पल घातली आणि गेले. पोरासाठी गेले. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण नंतर मलाच बऱ्याच जणांनी बरीच कारणं सांगितली.

त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. इतकी वर्षं शेजार, पण फाटकाच्या आत ना मी गेले ना त्या आल्या. कुणी मनाई केली नव्हती, तशी वेळच कुणी येऊ दिली नाही. मला ओसरीवर थांबवलं. पूनम पोराला मांडीवर घेऊन खाली बसली, रेणुकाबाई उंबऱ्यात, आणखी दोन बायका भिंतीला टेकून. मी खाली वाकले, पोराच्या डोक्यावरून पायापर्यंत हात फिरवले, बोटं कानशिलाला लावली आणि दाबली.

काही नाही.

पुन्हा दाबली. कानशील दुखलं. आवाज नाही. एकही नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं आणि मला हसूच फुटलं, तिथं, त्या वाळत चाललेल्या पोरापुढे. एकदा मोडलेला सांधा लगेच पुन्हा वाजत नाही. मोकळा झालेला वायू वंगणात परत विरघळावा लागतो, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मी तर रागाच्या भरात एकूण एक सांधा घरीच रिकामा करून आले होते.

"नाई काढत ते," रेणुकाबाई भिंतीशी बसलेल्या बायकांना म्हणाल्या. "पाहा, हासून राह्यली."

"तसं नाही हो," मी म्हटलं, "मी आत्ताच घरी सगळी मोडून आले. लगेच वाजत नाहीत. आत भरून यावं लागतं, वेळ लागतो." बोलले आणि कानावर पडलं तेव्हा कळलं मी काय बोलले. एका बाईनं तोंडाला पदर लावला. घरी सगळी मोडून आले. कुणावर? आत भरून यावं लागतं. काय? आजवर वर्गात मी याहून स्पष्ट, याहून खरं वाक्य बोलले नसेन, आणि त्या ओसरीवर ते मंत्रासारखं जाऊन बसलं. रेणुकाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "मंग थांबा," त्या म्हणाल्या. "भरू द्या."

आणि आम्ही थांबलो. माझ्या बोटांत वायू विरघळायची वाट बघत पाच बायका बसल्या होत्या. मधे ते पोर, त्याचा श्वास भराभर. मी म्हटलं, उकळून गार केलेलं पाणी आणा, साखर आणा, मीठ आणा. कुणी का म्हणून विचारलं नाही. धावत आणलं. मी चमच्यानं ढवळलं, चव घेतली, आणि पूनमला म्हटलं थेंब थेंब पाज. ती पाजत राहिली. दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीत हेच पाणी कसं करायचं ते मी बायकांना तक्त्यावर दाखवलं होतं, तेव्हा त्या आपसात गप्पा मारत होत्या. आता मी चमचा हलवला तरी सगळ्यांच्या माना चमच्याबरोबर फिरत होत्या. विज्ञान त्यांच्या गळी उतरवायला मला चेटकीण व्हावं लागलं. थुंकावंसं वाटलं. पण थुंकले तर त्याचाही अर्थ निघाला असता.

मग मी परत हात फिरवले. या वेळी सावकाश. डोक्यावरचं जावळ घामानं चिकटलं होतं, कपाळ तापलेलं, गाल बसलेले, छातीची हाडं हाताला लागत होती. मी नाटक करत होते, माझ्या मनात नुसता संताप होता, आणि तरी माझे हात ते नीट करत होते. कुणी शिकवलं त्यांना? गालावरून खाली येताना बोटं आपोआप जवळ आली, तळवा वाटीसारखा झाला, काहीतरी गोळा करून घ्यावं तसा. हे आईचं होतं. माझ्या तोंडावरून फिरलेल्या तिच्या हातांचं. मी बोटं कानशिलाला लावली आणि दाबली आणि ती कडाडली, एका दमात सगळी, दोन्ही कानांत. इतक्या जवळून मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. आणि मला रडू आलं. रागानं आलं असं मी स्वतःला सांगितलं, आणि राग होताच, पण सगळा राग नव्हता. बाबा तिथं असते तर मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नसते.

"केवढी होती वं," भिंतीकडची बाई पुटपुटली. जितका आवाज मोठा तितकी दृष्ट मोठी.

"आता दवाखान्यात न्या," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर परत लागेल." शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. रेणुकाबाई स्वतः अनवाणी ऑटोला धावल्या. मला कुणी बरोबर चला म्हटलं नाही. ऑटो वळेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते. मग घरी येऊन हात साबणानं धुतले, का ते मला माहीत नाही.

पोर वाचलं. चार दिवस सलाईनवर होतं. तेवढ्यात गल्लीत जे पसरायचं ते पसरलं. भाजीवाला मापात दोन मिरच्या जास्त टाकू लागला, घासाघीस करेना. मंजुषाताई सकाळी फिरायला जाताना दुसऱ्या बाजूनं जाऊ लागल्या. वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी तिसऱ्या बाकावर गेली. संघपाल म्हणाला, "पाह्यलं? झालं ना बरं?" त्या रविवारी मी विहारात गेले नाही.

ते दवाखान्यातून परत आले त्या दिवशी दुपारी रेणुकाबाई आणि पूनम माझ्या दारात. फाटकाच्या आत, पायऱ्यांवर, दारात. महिपतच्या हातावर सुईचा पट्टा अजून होता, आणि तो पट्टा चोखत तो माझ्याकडे बघून हसत होता. मी काही बोलायच्या आत रेणुकाबाई वाकल्या आणि त्यांनी माझे पाय धरले. त्यांनी. माझे. जे हात माझे तळवे उलटे करायलाही पुढे आले नव्हते, ते दोन्ही माझ्या पावलांवर होते, आणि कपाळही टेकलं होतं. माझे बाबा साठ वर्षं एवढ्यासाठी झिजले की या लोकांनी आपल्याला माणसासारखं समोर बसवावं, आणि आता ही बाई माझ्या पायाशी होती, आणि मला माझे पाय तोडून टाकावेसे वाटले.

"उठा," मी म्हटलं. उठेनात. मी त्यांना दंडाला धरून वर ओढलं, जरा जोरानंच ओढलं. "मी काही केलं नाही. सलाईननं वाचला तो. साखर-मिठाच्या पाण्यानं वाचला. ऐकू येतंय का?"

"जाननारे असंच म्हंतात, माय," त्या हात जोडून म्हणाल्या.

"डाक्टर बी म्हने," पूनम म्हणाली, "एक रात अजून घरी ठेवलं असतं तं हातचं गेलं असतं. तुमी येळेवर मागं घेतलं."

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, आत या, बसा, चहा घ्या. बघूच म्हटलं. पाय धरता ना, मग बसा माझ्या खुर्चीवर, माझ्या कपातून प्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं. रेणुकाबाई दारातच थबकल्या, "मले उपास हाये आज" म्हणाल्या, आणि कशाचा म्हणून विचारलं तर त्यांना वार सुचेना. पूनम मात्र आत आली. खुर्चीवर बसली. मी चहा टाकला, आलं ठेचलं, दूध उतू जाता जाता वाचवलं, माझ्या चांगल्यातल्या कपात ओतून तिच्या हातात दिला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. वाटलं, ही एक तरी. हिनं तरी पोराला मांडीवर घेऊन माझ्या घरात चहा प्यावा, साखर जास्त झाली म्हणावं, नवऱ्याच्या, लखनच्या, तक्रारी सांगाव्यात.

पूनमनं कप दोन्ही हातांत घेतला. कपाळाला लावला. करंगळी बुडवून एक थेंब पोराच्या जिभेवर ठेवला, मग डोळे मिटले आणि एका दमात सगळा चहा प्यायली, गरम होता तरी.

"साखर बरोबर आहे का?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. "तुमी द्याल ते," ती म्हणाली.